नातवाच्या नावची फुंकर

“दे इकरं. आनि आईला सांगशील तं बघ,” असं म्हणून सुमित्राबाईंनी नातवाच्या हातातून फुंकणी काढून घेतली, पदराने तिचं तोंड पुसलं, मागच्या दारच्या पायरीवर ऐसपैस बसल्या आणि डोळे मिटून फुंकर मारली.

पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवर एक इवलासा पडदा होता. त्यावर आकडा आला. दोनशे दहा.

नऊ वर्षांच्या स्वराजने डोळे पुसले. त्याच्या स्वतःच्या दोन फुंकरांना एकशे साठ आणि एकशे पासष्ट आले होते आणि तेवढ्यावरून त्याने रडायला सुरुवात केली होती. बंडूकाकाची हळद दहा दिवसांवर आली होती. आई आणि डॉक्टरीणबाई यांनी मिळून फर्मान काढलं होतं की तोवर आकडे चांगले राहिले तर हळदीत दोन तास नाचायला मिळेल. घसरले तर धूर, धूळ आणि फटाक्यांपासून लांब, थेट पनवेलला मामाकडे. काकाच्या हळदीत पहिल्या रांगेत नाचायचं म्हणून पोराने महिनाभर आरशासमोर तालीम केली होती.

“आजी, ही चीटिंग आहे.”

“चीटिंग कशाला? तीन फुंकरा मारायच्या, मोठा आकरा धरायचा, असंच बोलला ना तो कंप्युटरवाला? तिसरी कोनी मारायची, ते बोलला नाय.”

आजीपुढे जासईतली भलीभली माणसं गप्प बसत, हा तर चौथीतला मुलगा. मोबाईलने ‘टुंग’ केलं आणि दोनशे दहाचा आकडा तिकडे महाप्याच्या कॉम्प्युटरकडे रवाना झाला.

त्या नळीचं खरं नाव पीक फ्लो मीटर. पण जिच्या सकाळी चुलीत फुंकर घालण्यात गेल्या त्या बाईने तोंडाने फुंकायच्या नळीला फुंकणी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? घरात आता सगळेच फुंकणी म्हणत.

प्रकरण असं होतं. खारघरच्या एका इस्पितळाने आणि महाप्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीने मिळून दमेकरी मुलांसाठी एक प्रयोग मांडला होता. दम्याचा अटॅक येणार हे दोन दिवस आधी कळलं तर औषध वाढवता येतं आणि पोराला उचलून पळापळ करावी लागत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या फुप्फुसांची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरमध्ये बनवायची. मुलाचे सकाळ-संध्याकाळचे आकडे आणि घरात टांगलेल्या डबीने मोजलेली धूळ तिला रोज पुरवायची. मग त्या नकलेला पुढचे दोन दिवस शंभर वेळा जगायला लावायचं आणि शंभरात किती वेळा दम लागला ते मोजायचं. कमी असेल तर मोबाईलवर हिरवा रंग, जास्त असेल तर लाल.

पार्थ नावाच्या सडपातळ इंजिनिअरने हे सगळं सुमित्राबाईंना खारघरला पडद्यावर दाखवलं होतं. पडद्यावर एक गुलाबी झाड होतं, बुंधा वर आणि फांद्या खाली.

“ह्यो आपला स्वराज?”

“त्याची फुप्फुसं, आजी. सिम्युलेशन.”

पार्थने बटण दाबलं. फांद्या आकसत गेल्या, जांभळ्या पडल्या आणि थांबल्या. सुमित्राबाई खुर्चीतून उठल्याच.

“अरे मेला ना तो! दाब काय तरी!”

“नाही आजी, हे फक्त गणित आहे. हा बघा, परत सुरू केला.”

“दिसातून कती बारी करतोस त्याला असा?”

“शंभर वेळा. आणि आपल्याकडे साठ मुलं आहेत, म्हणजे सहा हजार...”

“आनि घरी आई तुना जेवाला वाढते?”

तेव्हापासून सुमित्राबाईंच्या मनात दोन स्वराज होते. एक घरातला आणि दुसरा महाप्याचा, बिनआईबापाचा, रोज शंभर वेळा जीव जाणारा. पार्थचा फोन आला की त्या आधी दुसऱ्याची चौकशी करत. “बरा हाय ना तो?” पार्थ म्हणे, “हो आजी, मस्त फिट होतोय.” त्याच्या धंद्यात ‘फिट होणं’ म्हणजे आकडे जुळणं, हे त्यांना माहीत नव्हतं. पोर बरं आहे एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिन्ही फुंकरा आजीच्याच झाल्या. मनात एक धाकधूक होती. मोठ्या माणसाची फुंकर मोठी, हे कुणालाही कळतं. आकडा एकदम चारशेवर गेला तर बिंग फुटणार. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी जरा बेतानेच फुंकलं होतं. दुसऱ्या दिवशी सवयीने जोर लागला, तरी दोनशे पाच. तिसऱ्या दिवशी मुद्दामच छाती भरून, मांडीवर हात रोवून, लहानपणी ओला लाकूडफाटा पेटवताना लावायच्या तेवढा जोर लावला. दोनशे.

सुमित्राबाई खूश झाल्या. “मशीन हुशार हाय,” त्यांनी स्वराजला सांगितलं. “फुंकनारा कोन का असंना, आकरा आपल्या पोराचाच दावते.”

मात्र मनात पाप शिरलं की माणूस बाकीच्या बाबतीत फार काटेकोर होतो. इतके दिवस स्वराज सकाळचा दम्याचा पंप बुडवायचा, खिडकीतून हवेतच मारायचा, ‘घेतला’ म्हणायचा. आता आजी समोर उभी राहून दोन्ही वेळचा पंप घ्यायला लावू लागली, वर चूळ भरायलाही लावायची. आकडा खोटा असला तरी पोर खरं राहिलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. पोराचं काही वाईट झालं असतं तर त्यांनी स्वतःला माफ केलं नसतं, म्हणून रोज सकाळी त्या त्याच्या छातीला कान लावत.

इकडे घर लग्नाला लागलं. दोन मजली घराला आतून-बाहेरून रंग सुरू झाला. अंगणात मसाला कुटला गेला, हळद दळून आली. सुमित्राबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. वरच्या मजल्यावर जाताना त्या जिन्यात तीनदा थांबत आणि थांबल्या की रंगाऱ्यांची चूक काढत. त्या नेहमीच जिन्यात थांबत, त्यामुळे घरात चुकाही नेहमीच सापडत. गावातल्या बाया येऊन म्हणाल्या, “सुमित्रे, पोराच्या हलदीत तरी धवला बोल. कती वरसं झाली तुझा गला आयकून.” हळदीत बायांनी म्हणायच्या त्या जुन्या गाण्याचं नाव निघताच त्यांनी हात झटकला. “आता नव्या पोरींना बोलू द्या. मना शब्दच आठवत नाय.” शब्द त्यांना एकूण एक आठवत होते. ओळ संपेपर्यंत सूर टिकत नसे, एवढंच, आणि ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती.

आकडे मात्र उतरायला लागले. एकशे नव्वद. एकशे ऐंशी. बुधवारी सकाळी एकशे पासष्ट. सुमित्राबाईंनी फुंकणी झटकून पाहिली, चार्ज करून पाहिली, देवापुढे ठेवूनही पाहिली.

बुधवारी संध्याकाळी मनस्वीचा, म्हणजे सुनेचा, मोबाईल जोरात वाजला. पडदा लालभडक. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ, अटॅकची शक्यता शंभरात एक्याण्णव.

“रूपेश!” मनस्वी किंचाळली. “गाडी काढ. उद्याच पनवेलला सोडून ये त्याला. एक्याण्णव, अरे!”

रूपेश हा सुमित्राबाईंचा थोरला, स्वराजचा बाप. कंटेनर यार्डात त्याचे दोन ट्रेलर चालत, आणि शेकडो टनांचा माल हलवणारा तो माणूस बायको ओरडली की गाडीची किल्ली शोधायला लागे. स्वराज आजीच्या खोलीत पळाला आणि पलंगाखाली शिरला. दप्तर भरलं जाऊ लागलं.

सुमित्राबाई मधोमध उभ्या. खरं सांगावं तर सुनेसमोर, पोरासमोर, उभ्या गावात नाक कापलं जाणार. न सांगावं तर पोर त्यांच्या फुंकरांपायी मामाकडे जाणार, आणि आजीनेच घात केला हे त्याला जन्मभर आठवणार. त्यांनी मधला मार्ग काढला. पलंगाखाली वाकून फुंकणी पुढे केली. “मार रं. तुझी तू मार. जोरात.”

दोनशे पस्तीस. दोनशे चाळीस.

आठवडाभर वेळच्या वेळी पंप घेतलेलं ते पोर ठणठणीत होतं. सुमित्राबाईंनी त्याला ओढत बाहेर आणलं. “मनस्वी, ह्यो बघ. तुझ्या डोल्यासमोर फुंकतंय.”

मनस्वीने पाहिलं, परत पाहिलं आणि डॉक्टर गीतांजलींना फोन लावला. डॉक्टरही चक्रावल्या. कॉम्प्युटर म्हणतो लाल आणि पोरगा फुंकतो हिरवा. शेवटी ठरलं की त्या शुक्रवारी दुपारी स्वतः येतील, छाती तपासतील आणि ठीक वाटली तर नेब्युलायझर, म्हणजे वाफेतून औषध देणारं यंत्र, घेऊन हळदीत थांबतील. पार्थही येणार म्हणाला. प्रयोगातला तो पहिलाच एक्याण्णव होता, आणि आपला अंदाज खरा ठरताना बघायची हौस कोणत्या ज्योतिषाला नसते?

“पन दुसरा कसा हाय?” सुमित्राबाईंनी फोन हातात घेऊन विचारलं.

“त्याचं काही खरं नाही, आजी,” पार्थ म्हणाला. “तीन दिवस मी त्याच्यातच अडकलोय. काहीतरी विचित्र आहे तो.”

सुमित्राबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनी स्वराजची छाती पुढून-मागून तपासली. स्वच्छ. “नाचू दे,” त्या म्हणाल्या. “मी आहे.”

हळद बघण्यासारखी झाली. अंगणात मांडव, मांडवात बेंजो पार्टी, पाटावर बंडू असा पिवळाधमक की ओठ कुठे आणि गाल कुठे ते कळू नये. एका बाजूला तीन मोठ्या चुली पेटवून त्यांवर वड्यांच्या कढया चढवलेल्या. पार्थ लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसला होता. दहा मिनिटांत चार मावश्यांनी त्याला घेरलं आणि लॅपटॉपसकट माखून टाकलं. पहिल्या रांगेत स्वराज जीव तोडून नाचत होता, आणि त्याच्यामागे आई पंप घेऊन, बाप पाण्याची बाटली घेऊन आणि डॉक्टर कानात नळ्या घालून, अशी वरात फिरत होती. गाणं संपलं की तिघं त्याला धरत. “दम लागतोय? खरं सांग!” “नाही ना! सोडा ना!”

पार्थने घड्याळ पाहिलं. साडेसहा झाले होते. चेहऱ्यावर हळद होती म्हणून, नाहीतर तो किती खट्टू झालाय ते सगळ्यांना दिसलं असतं.

सुमित्राबाई चुलींपाशी उभ्या राहून वडे तळणाऱ्या बायांवर देखरेख करत होत्या. लाकडं ओली होती. धूर उठून मांडवाच्या कापडाखाली अडकत होता आणि तेवढ्यात बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. सुमित्राबाईंना वाटलं, जरा टेकावं. त्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. सकाळपासून उभ्या आहोत, त्या मनाशी म्हणाल्या, लग्नघरात असं व्हायचंच. वड्याचा घाणा करपतोय हे दिसलं म्हणून त्या ओरडायला गेल्या आणि आवाज आलाच नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून त्या पुढे झुकल्या. कुणीतरी जाता जाता म्हणालं, “सुमित्रा दमली बघ,” आणि पुढे गेलं.

गाणं बदलत होतं. आजी आपल्याला बघतेय की नाही, हे बघायला स्वराज टाकीकडे आला आणि जागीच थबकला. आजीच्या छातीतून बारीक शीळ वाजत होती. हा आवाज त्याने आजवर फक्त स्वतःच्या आतून ऐकला होता.

“आजी, मान खाली नको घालू. मी तीन बोललो की ओढायचं. एक, दोन...” त्याने खिशातला पंप तिच्या तोंडात धरला आणि मान वळवून बोंब ठोकली, “मम्मी! अटॅक!”

तिघं धावत आली आणि तिघांनीही स्वराजला उचललं. एकाने पाय धरले, एकीने डोकं, डॉक्टरांनी नेब्युलायझरचा मुखवटा त्याच्या तोंडावर दाबला. “मला नाही!” तो मुखवट्यातून ओरडत होता, हातपाय झाडत होता. “मला नाही, तिला! तिला!”

मग सगळ्यांनी टाकीकडे पाहिलं.

आतल्या खोलीत यंत्र घुरघुरत होतं. पलंगावर पाय सोडून बसलेल्या सुमित्राबाईंच्या तोंडावर मुखवटा होता, त्यातून वाफ येत होती आणि समोर सगळं घर उभं होतं. बंडू पाटावरून तसाच उठून आला होता. बाहेर बेंजो थांबला होता.

“ते आकडे आजीचे आहेत,” स्वराज एका दमात म्हणाला. “दहा दिवस तीच फुंकते. मला हळदीला जायचं होतं म्हणून. तिला ओरडू नका.”

पार्थ गर्दीतून पुढे आला.

“आजींचे?” तो म्हणाला. “अहो डॉक्टर, मॉडेल बसेचना. नऊ वर्षांची फुप्फुसं घातली, आकडे जुळेनात. नळ्या अरुंद केल्या, तरी नाही. शेवटी वैतागून त्याला धूर दिला. दिवसाला चार तास, तीस वर्षं. तेव्हा जुळलं! नऊ वर्षांच्या पोराला तीस वर्षं धूर कसा असेल? मी पाच दिवस चूक शोधतोय.”

सुमित्राबाईंनी मुखवटा बाजूला केला. “तीस नाय,” त्या अडखळत म्हणाल्या. “सदतीस.”

डॉक्टरांनी मुखवटा परत नीट बसवला आणि त्यांचा हात हातात घेतला. “आजी, तुमच्या वयाच्या बाईने साडेतीनशे तरी फुंकायला हवं. तुम्ही लहान मुलाएवढं फुंकताय. दम कधीपासून लागतो?”

“मना कशाला लागल दम? दम याला लागतो.”

“जिना चढताना थांबावं लागतं?”

“लागतं. रंगाऱ्यांवर ध्यान नको?”

“रात्री सपाट झोपता येतं?”

“सपाट कोन झोपतं, डॉक्टरीनबाई? भिंतीला पाठ लावूनच झोप लागते मानसाला. बाई म्हातारी झाली की असंच.”

“कधीपासून असं?”

सुमित्राबाईंनी आठवून पाहिलं. “बंडूच्या येलेपासून.”

बंडू एकोणतीस वर्षांचा होता. सुमित्राबाईंना तो झाला तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. रूपेशने मनातल्या मनात ती वजाबाकी केली असावी, कारण तो उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेरच्या मांडवाकडे बघत उभा राहिला. त्याला शरम वाटली. पोराच्या प्रत्येक खोकल्याला त्याने गाडी काढली होती. आईला खोकताना मात्र तो लहानपणापासून ऐकत आला होता आणि घरातल्या घड्याळाइतकीच त्याला त्याची सवय झाली होती.

औषध संपलं. यंत्राची घुरघुर थांबली. डॉक्टरांनी मुखवटा काढला आणि म्हणाल्या, “आता हळूच एक मोठा श्वास घ्या, आजी.”

सुमित्राबाईंनी घेतला. त्यांच्या सवयीप्रमाणे तो मध्येच कुठेतरी अडायला हवा होता. तो अडला नाही. आत जातच राहिला, छातीच्या तळापर्यंत, जिथे आपल्याला जागा आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. त्या घाबरल्या. श्वास सोडायचं त्यांच्या लक्षातच येईना. मग सोडला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आधी सुनेच्या, मग पोरांच्या, मग त्या पिवळ्या इंजिनिअरच्या.

“येवरा वारा?” त्या म्हणाल्या. “तुमाला सगल्यांना रोज येवरा मिलतो?”

सुमित्राबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी आणखी एक श्वास घेतला, आणि लगेच आणखी एक, कुणी परत मागेल की काय अशा घाईने.